लाल चौकोन आणि जीप

नोकरीच्या पहिल्या दिवशी ज्या माणसानं मला बसायची खुर्ची दाखवली, त्याच्या डोक्याला टाके होते. केस भादरलेले, मधोमध काळ्या दोऱ्याची शिवण आणि वर लावलेलं जांभळं औषध कपाळापर्यंत ओघळून वाळलेलं. तो आमचा वायरमन. मी विचारलं, "पडलात का?" तो म्हणाला, "नाही ताई, पाडलं."

जळगावात त्या काळी केबल टीव्हीचा धंदा म्हणजे गल्लीबोळातली मारामारी होती. शहराचा आमच्याकडचा भाग दोन केबलवाल्यांनी वाटून घेतला होता आणि ती वाटणी दोघांनाही मान्य नव्हती. एकाचे लोक दुसऱ्याच्या वायरी कापायचे, गच्चीवरच्या पेट्या फोडायचे, आणि कापताना कुणी हाती लागला तर त्याला तिथंच बडवायचे. त्या दोघांपैकी एक माझे मालक. सगळे त्यांना भाऊ म्हणत, मीही म्हणायचे. अंगानं किरकोळ, आवाज हळू, कपडे कायम पांढरे. ते स्वतः मारायला गेले असं मी कधी पाहिलं नाही. त्यासाठी खाली जीप उभी असायची. जीपच्या ड्रायव्हरला पहिलवान म्हणत. तो धुळ्याकडच्या एका खेड्यातला, तालमीत वाढलेला, मानेला घडी पडणारा माणूस. सीटखाली लोखंडी गज ठेवायचा आणि गजावर एक जुना टॉवेल पांघरायचा.

मी एदलाबादजवळच्या गावातली, केळी पिकवणाऱ्या घरातली. धुळ्याला राहून कॉम्प्युटरचं शिक्षण घेतलं होतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि गावोगावी सायबर कॅफेच्या पाट्या लागत होत्या. भाऊंनी टीव्हीच्या वायरीशेजारून गच्च्यागच्च्यांवरून दुसरी काळी वायर ओढली आणि कॅफेंना इंटरनेट द्यायला सुरुवात केली. त्यासाठी त्यांना कॉम्प्युटर कळणारं माणूस हवं होतं. मी मिळाले.

कामाचा मुख्य त्रास म्हणजे फोन. कुठलाही कॅफे बंद पडला की तिथला मालक फोनवर ओरडायचा. तोपर्यंत आम्हाला पत्ता नसायचा. मग वायरमन सायकलवर शिडी घेऊन निघायचा, एकेक गच्ची चढायचा आणि संध्याकाळपर्यंत बिघाड शोधत फिरायचा. त्या वायरीची रीतच अशी होती की मध्ये एखादा जोड सैल झाला किंवा टोकाची टोपी कुणी काढली, तरी त्या बाजूचे सगळे कॅफे एकदम बंद पडत. मी कामाला लागण्याआधी एकदा शोधता शोधता तो चुकून दुसऱ्या केबलवाल्याच्या गल्लीतल्या गच्चीवर चढला. डोक्याचे टाके त्या दिवसाचे होते.

मला वाटलं, बिघाड कुठल्या बाजूला आहे हे इथं बसून कळलं तर याला उगाच वणवण करावी लागणार नाही. मी भाऊंना सांगितलं, एक जुनं मशीन मोकळं करून द्या, मी त्यावर लिनक्स टाकते. ते मशीन सगळ्या कॅफेंवर नजर ठेवील.

"फुकट असतं म्हणे ते," भाऊ म्हणाले.

"हो."

"मग टाक."

लिनक्सची सीडी पुण्यातल्या मैत्रिणीनं पोस्टानं पाठवली. मशीन जुनं, डब्याची एक बाजू उघडी, पंखा घरघरणारा. नेटवर्कचं कार्ड त्याला ओळखूच येईना. मी त्याला कर्नल पुन्हा बांधायला लावायचे, म्हणजे त्या मशीनच्या गाभ्यातच कार्डाची ओळख घालायची, आणि ते तासन् तास दळत बसायचं. अर्ध्यावर आलं की वीज जायची. पुन्हा पहिल्यापासून. एकदा वैतागून मी डब्याला लाथ मारली, तर शेजारी चहा पीत बसलेला पहिलवान हसला. म्हणाला, "ताई, अशी नही मारतस. टाच वापर."

शेवटी कार्ड बोलायला लागलं. मग मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो दर मिनिटाला प्रत्येक कॅफेतल्या मशीनला हाक मारायचा. ओ आली तर पडद्यावर त्या कॅफेच्या नावाचा चौकोन हिरवा. नाही आली तर लाल. खाली प्रत्येक बाजूच्या वायरीवरून किती वाहतूक चाललीय त्याचा आलेख. सकाळी आलेख जमिनीला टेकलेला असायचा आणि दुपारी कॉलेजं सुटली की डोंगरासारखा वर चढायचा. मला ते बघत बसायला फार आवडायचं. सगळं शहर एका पानावर दिसतंय असं वाटायचं. वायरमनला मी पडदा दाखवला तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे मी आता नेमका तिथंच जाणार."

भाऊंना ते पान इतकं आवडलं की त्यांनी आपल्या केबिनमध्ये दुसरा मॉनिटर बसवून घेतला. टेबलाच्या समोर, देवाच्या फोटोखाली.

त्यानंतर पहिल्यांदा एक बाजू लाल झाली ती एका दुपारी. मी वायरमनला हाक मारायला उठले, तर खाली जीप सुरू झाल्याचा आवाज आला. भाऊंनी केबिनमधून पहिलवानाला सांगून टाकलं होतं. तासाभरानं जीप परत आली. पहिलवान वर आला. त्याच्या शर्टाच्या बाहीवर रक्त होतं, त्याचं स्वतःचं नव्हे.

"ताई, तुनं मशीन भारी शे," तो खूश होऊन म्हणाला. "आम्ही गवूत तव्हय तो वायर कापीच राह्यंता."

भाऊंनी सगळ्यांना पेढे वाटले. मला स्वतःच्या हातानं दिला. मी तो हातात धरून जिन्यात गेले. खाली जीपमध्ये पहिलवानाच्या हाताखालची दोघं पोरं मागची सीट पाण्यानं धूत होती. पाणी गुलाबी होऊन गटारात जात होतं. पेढा मी तिथंच टाकला.

दुसऱ्या दिवशी बाजारात जाताना मी त्या माणसाला पाहिलं. तो समोरच्यांचा, म्हणजे दुसऱ्या केबलवाल्याचा वायरमन, पंचविशीतला. दवाखान्याच्या पायरीवर बसला होता. दोन्ही हातांची बोटं पट्ट्यांत गुंडाळलेली, आणि त्याची बायको त्याला चमच्यानं चहा पाजत होती.

मी परत आले ती सरळ भाऊंच्या केबिनमध्ये. म्हटलं, "भाऊ, लाल म्हणजे कापलं असं नसतं. लाल म्हणजे फक्त उत्तर येत नाही. वीज गेली असेल, जोड सुटला असेल, कॅफेवाल्यानं मशीन बंद केलं असेल."

"काल कापलंच होतं ना?"

"काल होतं. रोज नसेल."

त्यांनी माझ्याकडे समजावणीच्या नजरेनं पाहिलं. "पोरी, तू शिकलेली आहेस. पण हा धंदा मी तुझ्याआधीपासून करतो. उत्तर येत नाही म्हणजे कापलंच."

मी माझ्या जागेवर येऊन प्रोग्रॅम बदलला. लगेच लाल होण्याऐवजी चौकोन आधी पिवळा व्हावा, बऱ्याच हाका वाया गेल्या तरच लाल व्हावा, अशी सोय केली. तेवढ्या वेळात फोन करून खरं कारण विचारता येईल असा माझा हिशेब. आठवडाभर ते चाललं. मी दोनदा जीप निघण्याआधी केबिनच्या दारात जाऊन सांगितलं, वीज गेलीय, थांबा. दोन्ही वेळा ते थांबले. मग समोरच्यांनी बदला घेतला. भर सकाळी मोटारसायकलींवरून दहाबारा जण आले आणि आमच्या ऑफिसवर दगडांचा पाऊस पाडला. काचा माझ्या टेबलावर, माझ्या केसांत. वायरमन जिन्यात सापडला. त्याला त्यांनी पायाला धरून खाली ओढत नेलं, प्रत्येक पायरीला त्याचं डोकं आपटत. मी वरून ओरडत होते आणि माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. तो जगला, पण गच्चीवर चढायचं त्याचं कायमचं संपलं. उंचावर उभं राहिलं की त्याला भोवळ यायची.

त्या संध्याकाळी भाऊंनी मला बोलावलं. पडदा फुटला नव्हता. त्यांनी पिवळ्या चौकोनाकडे बोट दाखवलं. "हे काढ. लाल ताबडतोब पाहिजे. आणि घंटा वाजली पाहिजे."

"भाऊ, मी नाही करणार."

"तू नाही केलं तर पुण्याहून माणूस आणतो," ते तितक्याच हळू आवाजात म्हणाले. "तो फोनही करणार नाही कॅफेवाल्यांना. तू निदान करतेस."

मी पिवळा काढला, घंटा घातली. बाहेरचा माणूस आला तर कारण विचारणारं कुणीच उरणार नाही हे त्यांचं म्हणणं मला खरं वाटलं होतं.

मे महिना होता. जळगावच्या मे महिन्यात दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. गच्चीवरच्या पत्र्याच्या पेट्यांना हात लावला तर कातडी चिकटायची. अशा एका दुपारी घंटा वाजली. स्टेशनच्या बाजूची अख्खी ओळ लाल. मी फोन उचलून पहिल्या कॅफेला लावला, तर केबिनमधून भाऊंचं "जा" ऐकू आलं आणि जिन्यात पावलं वाजली. पहिलवान आणि तिघं पोरं. खाली जीप सुरू झाली.

पलीकडून कॅफेवाला म्हणाला, "अहो मॅडम, आमच्या बिल्डिंगचा फ्यूज उडालाय. ज्या पेटीतून तुमची वायर पुढं जाते तिला करंटच नाही."

"वायर कुणी कापली नाही ना?"

"कोण कापतंय या उन्हात? खाली खांबावर टेलिफोनवाला आहे तेवढा."

मी फोन तसाच टाकला. केबिनमध्ये धावले. "भाऊ, फ्यूज गेलाय! परत बोलवा त्यांना."

भाऊ पंख्याखाली बसून काकडी खात होते. "कसं बोलवू? जीपमध्ये फोन आहे का?"

माझी लुना खाली उन्हात तापलेली. सीटवर बसल्यावर भाजलं. मी ती जेवढी पळेल तेवढी पळवली.

मी पोचले तेव्हा शिडी रस्त्यात आडवी पडली होती. टेलिफोन खात्याचा लाइनमन, चाळिशीच्या पुढचा, खाकी शर्टातला माणूस. त्याला त्यांनी शिडीवरूनच ओढलं होतं. त्याच्या कमरेला पक्कड होती आणि खांबावर त्याच्या हाताशी आमचीही वायर होती, एवढंच त्यांनी पाहिलं असणार. तो रस्त्यावर कुशीवर पडून दोन्ही हातांनी डोकं झाकत होता. एकजण त्याच्या पोटात लाथा घालत होता. पहिलवान गजानं त्याच्या गुडघ्यावर मारत होता. घाई नव्हती त्याला. दम घेऊन, जागा बघून, मग मारत होता. प्रत्येक घावाला ओलं लाकूड फुटल्यासारखा आवाज येत होता. दुकानांची शटरं अर्धी खाली आली होती आणि त्यांच्याखाली माणसांचे पाय दिसत होते. कुणी बाहेर येत नव्हतं.

"तो टेलिफोनवाला आहे!" मी ओरडले. "वायर कापली नाही, फ्यूज गेलाय!"

पहिलवानानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या माणसाचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. मी लुना टाकून दिली आणि मध्ये गेले. त्याच्या अंगावर वाकले.

"ताई, तू बाजूले व्हय!"

गज वर गेलेला होता. तो खाली आला तेव्हा मी हात आडवा धरला. दुखलं नाही आधी. फक्त माझा हात मनगट आणि कोपराच्या मध्ये वाकलेला दिसला, जिथं हाताला वाकायला जागाच नसते. मग दुखलं. मी त्या लाइनमनच्या छातीवर पडले आणि त्याच्या खिशातलं पेन माझ्या गालात घुसलं.

पहिलवानाचा चेहरा मला आठवतो. तो एकदम लहान मुलासारखा झाला. गज त्याच्या हातातून गळून वाजला. "मी तुले नही मारं, ताई," तो म्हणाला. "तूच मधमा उनी." मग त्याला पोरांनी ओढलं आणि जीप निघून गेली.

दवाखान्यात आम्हा दोघांना एकाच वॉर्डाच्या दोन टोकांना ठेवलं. त्याचा उजवा गुडघा चुरा झाला होता, बरगड्या मोडल्या होत्या, एका कानातून रक्त येत होतं. माझ्या हातात सळई घातली. दुसऱ्या दिवशी भाऊ केळी आणि मोसंबी घेऊन आले. खाटेशी उभं राहून त्यांनी डॉक्टरांची, उपचारांची चौकशी केली. मग म्हणाले, "पोलीस येतील. लुनावरून पडलीस म्हणून सांग."

"आणि तो?"

"तो शिडीवरून पडला."

"भाऊ, मी फ्यूजचं सांगितलं तेव्हा तुम्ही काकडी खात होता."

त्यांनी फळांची पिशवी खाटेवर ठेवली. "तुझ्याच मशीननं दाखवलं ते पोरी. विचार कर." एवढं बोलून ते गेले.

नाना, म्हणजे माझे वडील, गावाहून आले होते ते बाहेरच्या बाकावर बसून सगळं ऐकत होते. आत येऊन त्यांनी ती पिशवी उचलली आणि कचऱ्याच्या डब्यात उपडी केली. संध्याकाळी पोलीस आला तेव्हा मी जे पाहिलं ते सगळं सांगितलं. पहिलवानाचं नाव, गज, भाऊंचं "जा" म्हणणं, फ्यूज, फोन. सही डाव्या हातानं केली. ती माझी वाटतच नव्हती.

मी घरी गेल्यावर पंधरवड्यात कुणीतरी रातोरात आमची केळीची बाग कापली. सकाळी पाणी द्यायला गेलेला सालदार पळत परत आला. आम्ही गेलो. केळीला घड लागून भरत आले होते. अख्ख्या ओळीच्या ओळी कंबरेएवढ्या उंचीवर तोडलेल्या. केळीचं झाड कापलं की आतून पाणी वाहतं, ते सगळ्या वाफ्यांत साचलं होतं आणि त्यात हिरवे घड लोळत होते, काहींवर मुद्दाम घाव घातलेले. आई मधोमध उभी राहून मोठमोठ्यानं शिव्या देत होती, कुणाला ते तिलाही माहीत नव्हतं. मी प्लॅस्टरमधला हात धरून बांधावर बसले. मला वाटलं, आता नाना म्हणतील, झालं ते पुरे, जबानी मागे घे. मी तसं करायला तयारही झाले होते.

नाना सगळी बाग फिरून आले. त्यांच्या धोतराला केळीच्या चिकाचे डाग पडले होते, जे कधी जात नाहीत.

"कोर्टात बोलावतील तुला," ते म्हणाले.

"हो."

"तू जे पाह्यलं ते सांगजो. केळी मी लावतो पुन्हा." मग त्यांचा आवाज फुटला आणि ते तोंड फिरवून विहिरीकडे गेले. नानांना मी त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं.

कोर्टाचं काम रेंगाळलं. मधल्या काळात मला धुळ्याच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची नोकरी लागली. बागेच्या कापणीचं काहीच सिद्ध झालं नाही. केबलची मारामारी मात्र थांबली. भाऊ आणि समोरचे एक झाले, दोघांनी मिळून नवं ऑफिस काढलं. बोटं मोडलेला तो वायरमन आणि डोक्याला टाके पडलेला आमचा वायरमन आता एकाच दारात बसून बिलं फाडतात असं ऐकलं.

जबानीच्या दिवशी भाऊंच्या वकिलानं मला विचारलं, "माझ्या अशिलानं पहिलवानाला नेमकं काय सांगितलं?"

"जा, म्हणाले."

"एवढंच?"

"एवढंच. पण ते जा म्हणाले की काय होतं, हे तिथं सगळ्यांना माहीत होतं."

"जा म्हणजे मारा, असा अर्थ कुठल्या भाषेत होतो, बाई?"

कोर्टात काही जण हसले. समोरच्या बाकावर लाइनमन बसला होता, पाय पुढे ताठ पसरून, तो आता वाकत नव्हता. तो हसला नाही. मी पुन्हा म्हटलं, "त्या ऑफिसच्या भाषेत होतो." न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं की नाही मला कळलं नाही.

निकाल लागला तेव्हा भाऊ सुटले. पहिलवान आणि दोन पोरांना शिक्षा झाली.

मी बाहेर आले तर कोर्टाच्या आवारात निंबाखाली एक म्हातारी उभी होती. नऊवारी, डोक्यावर पदर, पाय धुळीनं माखलेले. ती माझ्याजवळ आली आणि मला काही कळायच्या आत तिनं पायातली चप्पल काढून माझ्या तोंडावर मारली. मग पुन्हा. "मना पोऱ्याले खाई टाकं तू!" ती ओरडत होती. "मना एकच पोऱ्या शे वं!" ती पहिलवानाची आई होती. मी हात वर केला नाही. लोकांनी तिला धरलं. पोलीस विचारू लागला, तक्रार द्यायची का. मी नाही म्हटलं. ओठ फाटला होता, तोंडात खारट चव होती.

आवार रिकामं झालं तरी म्हातारी निंबाखालीच बसून होती. तिला गावाकडून जीपनं कुणीतरी आणून सोडलं होतं आणि ते आता दिसत नव्हते. मी जवळ गेले तशी ती आक्रसली, मी मारीन असं तिला वाटलं असावं.

"कुठं जायचं, आजी?"

तिनं गावाचं नाव सांगितलं. पारोळ्याच्या पुढं, धुळ्याच्या वाटेवर.

"मीही धुळ्यालाच जाते. चला."

ती उठली. स्टँडपर्यंत आम्ही चालत गेलो, ती माझ्या दोन पावलं मागे. गाडीत तिला खिडकीची जागा दिली. एरंडोल मागं पडलं. मग पदरानं डोळे पुसून तिनं माझ्या हाताकडे पाहिलं. शिवणीची लांब खूण होती. तिनं एक बोट त्यावर ठेवलं, लगेच उचललं.

"हाऊ त्यानाच गज का?"

"हो."

ती पुन्हा खिडकीबाहेर बघू लागली. तिचा फाटा आला तेव्हा ती उठली, कंडक्टरला थांबायला सांगितलं, आणि माझ्या गुडघ्याला हात लावून आधार घेत खाली उतरली. गाडी सुटली तेव्हा ती पिशवी छातीशी धरून शेतातल्या पायवाटेनं चालू लागली होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही.